बटनावरचा हात

माझा हात बटनाकडं जातो. हे पहिलंच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं पडेल. पंखा कुरकुरला की बटन बंद. मिक्सर अडला की बटन बंद. नदीवरची मोटर नुसतीच हुं हुं करायला लागली आणि फिरेना झाली, तर आमच्या उत्रोलीत माणूस काय करतो? स्टार्टर पाडतो, चार शिव्या हासडतो आणि पुन्हा उचलतो. निम्म्या वेळा मोटर चालूही होते. त्यामुळं घरात कॉम्प्युटर आला आणि पहिल्यांदा अडकला, तेव्हा मी त्याच्या डब्याचं बटन अंगठ्यानं दाबून धरलं. पडदा काळा झाला. मला वाटलं, जिंकलो.

बायको मागं उभी होती. तिनं आठवीच्या पेपरचे प्रश्न टाइप करून ठेवले होते, ते गेले. ती ओरडली नाही. ओरडणं हे आमच्या घरात माझं खातं. ती खुर्ची ओढून बसली, कॉम्प्युटर परत चालू केला आणि म्हणाली, “आता चहा टाका. मला पुन्हा लिवायचंय.”

मी जन्मभर एस.टी. चालवली. भोर डेपो. भोर-वेल्हे रस्त्यावरचा एकेक खड्डा मला नावानिशी माहीत होता आणि माझा आवाज खड्ड्यांना माहीत होता. मागच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसाला मी पुढून, आरशात बघून, असा दम द्यायचो की पुढच्या सीटवरची पोरं आईला चिकटायची. बायको त्याच्या उलट. माहेर पालीचं, राजगडाच्या पायथ्याचं. वडलांची, म्हणजे आबांची, भाताची खाचरं, घरात शिकलेलं कुणी नाही, आणि ही बी.एस्सी., बी.एड. होऊन भोरच्या शाळेत विज्ञानाची बाई झाली. पुढं शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा तेही तिच्याच गळ्यात पडले. ते जुने होते, नेहमीचं काही त्यांच्यावर धड चालेना, म्हणून तिनं कुठून कुठून शिकून त्यांच्यात लिनक्स घातलं. लेकीनं पुण्यात नवा कॉम्प्युटर घेतला आणि तिचा जुना टेम्पोत घालून आमच्याकडं पाठवला, तेव्हा त्याच्यातही हिनं तेच घातलं. लिनक्स म्हणजे काय, असं मी विचारलं. म्हणाली, “बॉडी तीच, इंजिन बदललंय.” एवढं मला पुरलं.

आता कबूल करतो, हा डबा अडकला की मला राग यायचा, पण हिला बोलवायला मजाही यायची. कारण ही जे करायची ते बघण्यासारखं होतं. भल्या भल्या मेकॅनिकला मी काम करताना पाहिलंय. बंद गाडीपुढं उभा राहिलेला माणूस पहिला हात कुठं घालतो, त्यावरून त्याची अक्कल कळते. ही पहिला हात कुठंच घालायची नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बघायची. मी म्हणायचो, “अगं, दाब की कायतरी!” ती म्हणायची, “त्येला आधी बोलू तर द्या.”

मग ती मोठ्या अक्षरांचं बटन एकदा दाबायची. कीबोर्डावर एक बारका दिवा लागतो त्यानं. लागला की म्हणायची, “हाय जित्तं.” उंदीर, म्हणजे माउस, हलतोय का बघायची. पडद्यावर पाटी यायची, हा प्रोग्राम उत्तर देत नाही, थांबायचं का बंद करायचं? मी असतो तर बंद. तिचा हात ठरलेला. थांबा. पुष्कळदा तेवढ्यानंच भागायचं. जे अडकलं होतं ते आपलं आपण सुटायचं आणि मी उगाच घसा फोडून घेतलेला असायचा.

नाहीच सुटलं तर मग तिची खरी कला. कंट्रोल, ऑल्ट आणि वरच्या ओळीतलं एफ तीन, तिन्ही एकदम. पडद्यावरची सगळी चित्रं जायची आणि काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं यायची. ही मागची खोली, ती म्हणायची. पुढची बैठक कितीही तुंबली तरी मागच्या खोलीत जाता येतं. तिथं नाव सांगायचं, पासवर्ड टाइप करायचा, तो दिसतही नाही, आणि ‘टॉप’ असं लिहायचं. मग कोण काय करतंय, कोण किती खातंय, याची रांग लागायची. त्यातला एक नंबर बघून ‘किल’ लिहिलं की तो गडी उठून जायचा.

“किल म्हंजे मारायचंच ना?” मी विचारलं.

“नाव तसलं हाय. नुसतं लिवलं तर ती विनंती असती. बाबा, आवर आता, सामान घे आणि नीघ. न्हाईच ऐकलं तर नऊ नंबर घालायचा. त्यात मग आवरायला बी सवड न्हाई, जागच्या जागी खलास.”

तो नऊ नंबर मला लई आवडला. दुसरी एक गोष्ट होती, तीही आवडली. एक शब्द लिहिला की उंदराच्या बाणाची कवटी व्हायची आणि ती कवटी ज्या खिडकीवर टेकवाल ती खिडकी मरायची. मी एकदा ती घेतली आणि जोशात खालच्या पट्टीवर टेकवली. पट्टीच गेली. मेनू गेला, घड्याळ गेलं, सगळं गेलं, नुसता पडद्यावरचा राजगडाचा फोटो उरला. बायको हसून हसून खाली बसली. तिचं हसणं तेव्हा खणखणीत होतं. पालीच्या बायका असं हसतात, खाचरात वाकून काम करताना एकीनं काही म्हटलं की पलीकडच्या बांधावर ऐकू जाईल असं.

एकदा मी चिडून म्हटलं होतं की जो अडकतो त्यालाच आधी हाण. त्यावर तिनं मला जे सांगितलं ते मी विसरलो नाही. म्हणाली, “आमच्या पालीला खालचं खाचर कोरडं पडलं तर आबा खालच्या खाचरात बघत न्हाई बसायचे. वर जायाचे. वर कुणीतरी पानी आडवल्यालं असतंय. खालच्याला शिव्या देऊन त्यो कुठनं पानी आणंल?” हे तिचं कॉम्प्युटरबद्दलचं म्हणणं होतं. माझ्याबद्दलही असावं, पण मी विचारलं नाही.

मग तिचा आवाज बसला. खडूची धूळ, असं ती म्हणाली, सगळ्याच मास्तर लोकांचा बसतो. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, भोरच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. आवाज खरखरीत होत होत बारीक व्हायला लागला. पुण्याला नेलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की घशात गाठ आहे, ती चांगली नाही, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज जाईल.

मी डॉक्टरांवर ओरडलो. दवाखान्याच्या बोळातली सगळी माणसं वळून बघायला लागली इतका ओरडलो. जणू त्यांनीच गाठ ठेवली होती. बायकोनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि डॉक्टरांना विचारलं, “तोपर्यंत किती बोललं तर चालेल?” मला हा प्रश्न सुचलाच नसता. ते म्हणाले, जपून. जेवढं जपाल तेवढं टिकेल.

लेकीनं शोधून काढलं की माणसाचं बोलणं भरपूर आणि स्वच्छ रेकॉर्ड करून ठेवलं तर त्यावरून कॉम्प्युटर त्याच्या आवाजात बोलायला शिकतो. नंतर आपण टाइप करायचं, तो बोलणार. मला ते जादूटोण्यासारखं वाटलं, पण बायकोनं एकदाच मान हलवली आणि कामाला लागली. त्या दिवसापासून तिनं घरातलं बोलणं बंद केलं. मीठ हवं असलं तरी खूण करायची. पैपैनं साठवावं तसा आवाज साठवत होती, रेकॉर्डिंगसाठी. आणि घरात माझा एकट्याचा आवाज. मला स्वतःचाच वीट आला.

तपासण्या आणि पुण्याच्या फेऱ्या यांतच सगळे दिवस गेले आणि रेकॉर्डिंगला मिळाली ती फक्त ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवसाची दुपार. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. त्यामुळं जे काय व्हायचं ते त्या दुपारीच. पुन्हा म्हणून काही नव्हतं. वेळही नव्हता आणि आवाजही.

आम्ही खोलीच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या. पंखा बंद. कोंबडा डालग्याखाली झाकला, वर पोतं टाकलं. शेजारच्या वहिनींना सांगितलं, दुपारचं मिरची कांडप आज नको. त्या बिचाऱ्यांनी गिरणीतनं परत आणलेल्या पिठाचा डबासुद्धा हळू ठेवला. आणि मी अंगणात पहाऱ्याला. एवढ्यात भंगारवाल्याचा टेम्पो वळणावर आला, तो भोंगा लावून, जुनं फ्रीज, जुनी बॅटरी, लोखंड, पत्रा. मी अनवाणी धावलो. माझा जन्म ओरडण्यात गेला आणि त्या दिवशी मी त्या माणसापुढं हात जोडून कुजबुजलो, “दादा, भोंगा बंद कर. माझ्या बायकोचा आवाज चाललाय.” त्याला काय कळलं कोणास ठाऊक. पण त्यानं भोंगा बंद केला, इंजिनही बंद केलं आणि टेम्पो ढकलत ढकलत आमच्या दारावरून नेला. असल्या माणसांचे उपकार कुठं फेडायचे.

शेवटी शेवटी तिनं मला खुणेनंच आत येऊन बसू दिलं, तोंड बंद ठेवायच्या बोलीवर. मी कोपऱ्यात, कॉम्प्युटरच्या डब्याशेजारी स्टुलावर बसलो. ती माईकपुढं ताठ बसून वाचत होती. लेकीनं वाक्यं पाठवली होती. “मला पाणी हवे आहे.” “कृपया दार उघडा.” “आज हवा छान आहे.” “तुम्ही जेवलात का?” मग शाळेच्या पुस्तकातले धडे. पडद्यावर तिच्या आवाजाची निळी रेघ वरखाली होत पुढं सरकत होती. मध्ये थांबून ते साठवून घेता आलं असतं, पण ती थांबायला तयार नव्हती. वाचायच्या आधीच म्हणाली होती, “एकदा थांबले तर पुन्हा सुरू व्हायचे न्हाई मी.” आवाज चिरत होता, तरी प्रत्येक अक्षर जागच्या जागी. सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर माईकवर बोलायची, तशी. मला तिचा असा अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं, पण नाक ओढायचीसुद्धा परवानगी नव्हती.

आणि निळी रेघ थांबली.

ती वाचतच होती. मी बघितलं, रेघ जागच्या जागी. मग सगळी खिडकी राखेसारखी फिकट झाली. “आयला, अडकलं!” मी ओरडलो आणि उठलो, आणि माझा अंगठा गेलाच डब्याच्या बटनावर.

“आवो! हात काढा त्या बटनावरनं!”

मी चरकलो. कितीतरी महिन्यांत असा आवाज ऐकला नव्हता. फाटलेला होता, पण होता तिचाच, पालीच्या बांधावरचा. मी हात काढला. चटका बसल्यासारखा काढला.

“आगं, पर सगळं गेलं की! पुन्हा कुठनं आणायचा आवाज? उद्या सकाळी—”

“म्हून तर सांगते, थांबा म्हून. दाबलं आसतं तर मग गेलं आसतं.” आणि तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

मला ते हात आजही दिसतात. तिचा आवाज त्या डब्यात होता. उद्या घशातला जाणार होता आणि आज डब्यातला जायला बघत होता. मी तिच्या जागी असतो तर डबा डोक्यावर घेऊन नाचलो असतो. तिनं बघितलं. उंदीर हलवला, तो अडखळत, जागोजाग थांबत हलला. मोठ्या अक्षरांचं बटन दाबलं. दिवा लागेना. मी श्वास धरला. लागला.

“हाय जित्तं,” ती म्हणाली.

पाटी आली, थांबायचं का बंद करायचं. थांबा. मग कंट्रोल, ऑल्ट, एफ तीन. काळी पाटी यायलासुद्धा वेळ लागला. तिनं नाव लिहिलं तर एकेक अक्षर वाट बघून उमटत होतं. मी मागं उभा राहून शिव्या देत होतो, कुणाला ते ठरवलं नव्हतं. रांग आली. ती बोट पडद्याजवळ नेऊन वाचत होती.

“ते रेकॉर्डिंगवालं अडकलंय न्हवं? मार त्याला आणि परत चालू कर,” मी म्हणालो. “नऊ नंबर घाल!”

“अडकल्यालं त्ये हाय, पर दोष त्येचा न्हाई. ह्ये बघा.” तिनं रांगेत सगळ्यात वरच्या नावावर बोट ठेवलं. “वरल्या खाचरानं पानी आडवलंय. मेमरी सगळी ह्येनं खाल्लीया.”

“कोण त्ये?”

“इंटरनेटचं. माझंच.” ती जरा थांबली. “आपरेशनचं वाचत होते रोज. कसं करत्यात, मग श्वास कुठनं घ्यायचा, मग जेवायचं कसं, लोकं कशी ऱ्हात्यात. एक बी पान बंद केलं न्हाई. म्हटलं, लागंल पुन्हा.”

मला माहीत नव्हतं. मी समजत होतो की ही घाबरलीच नाही. डॉक्टरांपुढं मी ओरडलो आणि ही शांत, म्हणून मी मनात म्हणत होतो, हिचं काळीज दगडाचं आहे बुवा. आणि ही मी शेतावर गेल्यावर, डेपोतल्या मित्रांकडं गेल्यावर, इथंच बसून ते सगळं वाचत होती.

तिनं नंबर लिहिला. साधा किल. विनंती.

काही झालं नाही. रांग तशीच.

“आता घाल नऊ!”

“जरा दम धरा की! आवरतंय त्ये.”

आणि खरंच, बघता बघता ते नाव रांगेतून गेलं. तिनं परत पुढच्या खोलीत नेलं पडद्याला. राखेचा रंग गेला. निळी रेघ हिसका बसल्यासारखी हलली आणि मग धावतच सुटली, राहिलेलं सगळं एकदम भरून काढत. माईकचा लाल दिवा तर मघापासून चालूच होता, माझं लक्ष नव्हतं.

“जमलं,” ती म्हणाली. “आता चहा टाका.”

मग तिनं थांबायचं बटन दाबलं. साठवलं. पेन ड्राइव्हवर साठवलं, लेकीला पाठवलं. ती पानं पुन्हा उघडली नाहीत. मी विचारलं तर खुणेनंच सांगितलं, वाचून झालंय. मी चहा केला. साखर जास्त पडली. ती सगळा प्यायली.

ऑपरेशन झालं. ती घरी आली. गळ्याला पुढून एक भोक आहे, त्यातून ती श्वास घेते, त्यावर मऊ कापड असतं. पुढं लेकीनं तो आवाज तयार करून आणला आणि एका टॅबवर घातला. टॅब हिच्या हातात. हिनं टाइप केलं आणि टॅब बोलला, “मला चहा हवा आहे.” लेक रडली. शेजारच्या वहिनी रडल्या. मी तर काय, बाहेर जाऊन कोंबड्यापुढं रडलो. हिचाच आवाज होता. डोळे मिटले तर शाळेत बाई शिकवताहेत.

पण घरात बाई शिकवत नाहीत ना. हे कळायला थोडे दिवस गेले. तिनं ‘लई’ लिहिलं की टॅब ते असं उच्चारायचा जणू परदेशी शब्द वाचतोय. ‘न्हाई’ला तर अडखळायचाच. मग ती ‘नाही’ लिहायला लागली. “तुम्ही जेवलात का?” आमच्या घरात जन्मात हे कुणी असं विचारलेलं नाही. “कृपया दार उघडा.” मी दारात उभा राहून म्हणालो, “कृपया कुणाला म्हणतीस गं?” ती हसली, पण तोंड फिरवून.

एवढी माणसं, लेक, ती, मी, कुणाच्या डोक्यात आलं नाही की घरातलं एक तरी वाक्य घ्यावं. पालीचं माणूस काय, उत्रोलीचं काय, माईक पुढं आला की आमची जीभ आपोआप सरळ होते. चांगले कपडे घालून फोटो काढतात तसं चांगलं बोलून रेकॉर्डिंग करायचं. त्यात चूक काही असेल असं वाटतच नाही. मी चिडलो. लेकीवर चिडलो, वाक्यं तिनं लिहिली म्हणून. माईकवर चिडलो. जगातलं सगळं रेकॉर्डिंग आमच्याकडं होतं आणि माझी बायको त्यात नव्हती.

माझं ओरडणं ऐकून घेतल्यावर लेक फोनवर म्हणाली, “बाबा, शेवटचा एक तुकडा आहे. आवाज तयार करताना मी काढून टाकला होता, गोंगाट म्हणून. त्यात तुमच्या शिव्या आहेत.”

“कसल्या शिव्या?”

“पाठवते. तुम्हीच ऐका.”

पडदा अडकला होता, पण माईक अडकला नव्हता. ती जुनी मशीन, चित्र काढायला तिच्याकडं जागा उरली नव्हती, पण कान उघडे होते आणि जे ऐकलं ते सगळं तिनं लिहून ठेवलं होतं. दोनचार ठिकाणी तुटलं होतं, बाकी सगळं होतं. आम्ही दोघं कॉटवर बसून ऐकलं. मी ओरडतो, आयला. स्टूल पडतं. आणि मग, “आवो! हात काढा त्या बटनावरनं!” पुढं बटनांची टकटक, माझी बडबड, आणि मधून मधून ती. हाय जित्तं. वरल्या खाचरानं पानी आडवलंय. एक बी पान बंद केलं न्हाई. जरा दम धरा की. जमलं, आता चहा टाका.

बायकोचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती. तिच्या हसण्याला आता आवाज नाही, पण बांधापलीकडं ऐकू जायचं तेच हसणं होतं ते, मी ओळखतो. मी मात्र हसलो नाही. मी म्हणालो, पुन्हा लाव.

दुसऱ्या दिवशी ती कॉम्प्युटरपुढं बसली आणि त्याच प्रोग्राममध्ये त्या तुकड्याचे बारके बारके तुकडे केले. माझ्या शिव्या काढल्या नाहीत, एका बाजूला ठेवल्या. मग टॅबवर एकेका तुकड्याला एकेक बटन दिलं. डॉक्टरांशी, दुकानदाराशी, बँकेतल्या बाईंशी ती शाळेच्या आवाजात बोलते आणि लोक आदरानं ऐकतात. माझ्यासाठी ही वेगळी बटनं आहेत. मी गोडाच्या डब्यात हात घातला तरी वाजतं, हात काढा त्या बटनावरनं. डब्याला बटन नाही, पण मला कळतं.

हे सगळं मी त्याच कॉम्प्युटरवर लिहितोय, तिनंच शिकवलं. मघाशी, भंगारवाल्याचं लिहून झालं आणि पडदा अडकला. अक्षरं उमटेनात. “आयला!” मी ओरडलो आणि अंगठा निघाला.

स्वयंपाकघरातून आवाज आला, “आवो! हात काढा त्या बटनावरनं!”

तिला तिथून काही दिसत नव्हतं. दिसायची गरजही नव्हती. मी हात मांडीवर ठेवले. मोठ्या अक्षरांचं बटन दाबलं, दिवा लागला. पाटी आली तेव्हा ‘थांबा’वर टेकवलं, आणि अक्षरं आली, सगळी, एकही न जाता.

“काढला गं, काढला!” मी तिकडं ओरडून सांगितलं. मग पुढचं लिहायला घेतलं. काहीही अडकलं नव्हतं, तरी मुद्दाम मोठ्यानं पुन्हा म्हणालो, “आयला!”

“जरा दम धरा की,” ती म्हणाली.